दोन ब्लॉकांच्या मधे

तळघरातल्या टेप ड्राइव्हला धाप लागायची. घर्रर्र करून जरा पळायचा, खटकन थांबायचा, थोडा मागे यायचा, की पुन्हा घर्रर्र. दिवसभर हाच खेळ. वरच्या मजल्यावर रुग्णवाहिका मागवणाऱ्यांचे फोन घेतले जात. त्या सगळ्या फोनांचं रेकॉर्डिंग खाली या ड्राइव्हवर टेपांमध्ये उतरवून ठेवलं जाई, आणि हे काम बघणाऱ्या बाईंना अख्खं मदतकेंद्र टेपताई म्हणे. घरी त्यांचे यजमानही रंगात आले की तीच हाक मारत.

टेपताई काही पहिल्यापासून तळघरात नव्हत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वर फोनवर काढली होती. घाबरलेल्या माणसाला शांत करायचं, पत्ता काढून घ्यायचा, गाडी पोचेपर्यंत काय करायचं ते सांगायचं, यात त्यांचा हातखंडा होता. हल्लीच्या केंद्रप्रमुख मॅडमसुद्धा नवीन असताना त्यांच्याच शेजारी बसून शिकलेल्या. पण हेडफोन लावून लावून डावा कान गेला, तशी त्यांची रवानगी खाली झाली. त्यांनी कुरकुर केली नाही. खाली थंडगार असे, माणसांची कटकट नसे. फक्त त्या ड्राइव्हची धाप तेवढी सहन करावी लागे.

पुढे पुढे ती धाप इतकी वाढली की आदल्या दिवसाचा बॅकअप दुसऱ्या दिवशी संपेना. शेवटी मॅडमनी इंजिनिअरला बोलावलं. हा गृहस्थ अंगाने भरलेला आणि तोंडाने अखंड चालू. त्याने स्टूल ओढलं, ड्राइव्हला कान लावला आणि हसत सुटला.

"ताई, हा बिचारा उपाशी आहे हो."

"म्हणजे?"

"याचा जन्म सुसाट पळण्यासाठी झालाय आणि तुम्ही त्याला चमच्याने भरवताय. ब्लॉक साइझ, म्हणजे एका वेळचा घास, बघा केवढी चिमुकली ठेवलीय. एवढासा घास लिहितो, पुढचा घास तयार नाही, म्हणून थांबतो. पण टेप काही जागच्या जागी थांबत नाही, पुढे सरकून जाते. मग हा मागे येतो, मागचं टोक शोधतो, परत पळतो. अर्धा दिवस याचा नुसत्या येरझारा घालण्यात जातोय."

त्याने सेटिंग बदललं, घास मोठा केला, आणि काय सांगावं, ड्राइव्हची धाप गेली. एकसुरी, गुळगुळीत गुणगुण सुरू झाली. त्या दिवशीचा बॅकअप जेवणाच्या सुट्टीआधी उरकला. मॅडम स्वतः खाली येऊन बघून गेल्या.

"आता जुन्या टेपाही अशाच मोठ्या ब्लॉकांत उतरवून टाका," त्या म्हणाल्या. "जागा तरी मोकळी होईल. जुन्या भुगा करायला देऊन टाकू."

जुन्या टेपांची खोकी भिंतीला लागून रचलेली होती. त्या लहान ब्लॉकांत लिहिलेल्या, त्यामुळे वाचतानाही लहान घासांनीच वाचाव्या लागणार होत्या. इंजिनिअरने आपलं तगडं मशीन आणून पहिलं खोकं हातोहात उरकून दाखवलं. त्याचं मशीन कुठे थांबतच नव्हतं. ते खोकं लगेच भुग्याला गेलं. मग इंजिनिअर आपलं मशीन घेऊन दुसऱ्या गावी गेला आणि उरलेली खोकी टेपताईंच्या आणि त्या जुन्या ड्राइव्हच्या नशिबी आली.

पुन्हा धाप सुरू झाली. घर्रर्र, खट, मागे, घर्रर्र.

टेप नीट वाचली जातेय ना, हे बघण्यासाठी टेपताई उजव्या कानाला हेडफोन लावून मधूनमधून ऐकत. कुठल्या तरी जमान्यातले फोन. आता निवृत्त झालेल्या, काही देवाघरी गेलेल्या सहकाऱ्यांचे आवाज. ड्राइव्ह थांबला की आवाज तुटे, चालू झाला की पुन्हा येई. त्याची त्यांना सवय झाली होती.

एका सकाळी ड्राइव्ह खटकन थांबला आणि आवाज तुटला. पण हेडफोन गप्प झाला नाही. कुणीतरी श्वास घेत होतं.

टेपताईंनी ड्राइव्हकडे पाहिलं. टेप उभी होती. हिरवा दिवा विझलेला होता.

"हॅलो?" बाईचा आवाज आला. तरुण, घाबरलेला. "हॅलो, कुणी आहे का?"

आयुष्यभर जे केलं ते माणसाच्या जिभेवर बसलेलं असतं. टेपताईंच्या तोंडून आपसूक निघालं, "बोला, ऐकतेय."

"अहो, कधीची धरून बसलेय! आई पडलीय न्हाणीघरात. उठत नाहीये. घशातून घुर्र घुर्र करतेय."

"पत्ता सांगा."

"जुन्या गिरणीच्या मागे, लाँड्रीच्या वर."

"श्वास चालू आहे ना? छाती हलतेय? मग तिला कुशीवर वळवा. एक गुडघा दुमडा म्हणजे ती परत उताणी होणार नाही. तोंडात काही असेल तर बोटाने काढा. आता हनुवटी जरा वर करा. केलीत? हळूहळू, घाई नको. गाडी पाठवते."

"हो... हो, वळवली. आता घुरघुर कमी—"

हिरवा दिवा लागला. घर्रर्र. बाईचा आवाज मधोमध कापला गेला आणि जुना फोन जिथे तुटला होता तिथून पुढे चालू झाला. कुणीतरी माणूस रस्त्यावरच्या अपघाताची खबर देत होता.

टेपताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.  समोरच्या मशीनला माइक नव्हता. त्या इतका वेळ भिंतीशी बोलत होत्या.

संध्याकाळी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान शाळेची बस चालवत. पोरांना सोडून आले की पाय वर करून बसायचे आणि बायकोच्या गोष्टी मनापासून ऐकायचे.

"डाव्या कानाने रजा टाकलीय ना," ते म्हणाले, "म्हणून उजवा ओव्हरटाइम करतोय. दुसरं काही नाही."

"चेष्टा करू नका. ती मला उत्तर देत होती. मी विचारलं की सांगत होती."

यजमानांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि पाय खाली घेतले. "पत्ता काय म्हणालीस? गिरणीमागे? ते माझ्या बसच्या रस्त्यावरच आहे. लाँड्री अजून आहे तिथे. उद्या पोरांना सोडलं की जाऊन बघू. नसेल तर नसेल, निदान डोक्यातून जाईल."

दुसऱ्या दिवशी टेपताईंनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. रिकामी शाळेची बस गिरणीमागच्या गल्लीत शिरली. लाँड्रीतून वाफेचा वास येत होता. बाजूच्या अरुंद जिन्याने दोघं वर गेले. दार एका पन्नाशीकडे झुकलेल्या बाईंनी उघडलं. हातात इस्त्रीचे कपडे होते.

काय बोलायचं हे टेपताईंनी ठरवलंच नव्हतं. "मी मदतकेंद्रातून आलेय," एवढंच त्या म्हणाल्या. "जुन्या फोनांची चौकशी करतोय. तुमच्याकडून कधी फोन—"

बाईंच्या हातातले कपडे खाली घसरले.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुमचाच आवाज. अहो, मी कुठेही ओळखेन तो. आई न्हाणीघरात पडली होती तेव्हा. किती वेळ नुसतं वाजत राहिलं, मग एकदम शांत झालं, मला वाटलं लागलाच नाही फोन. ठेवणारच होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, बोला, ऐकतेय." बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "कुशीवर वळवायला सांगितलंत. नाहीतर गेली असती ती. आता थकलीय, पण आहे. या ना आत!"

आतल्या खोलीत खिडकीशी एक म्हातारी मटार सोलत बसली होती. तिने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. यजमान दारातच थबकले. ते त्या म्हातारीच्या बोटांकडे एकटक बघत राहिले.

"किती वर्षं झाली याला?" त्यांनी विचारलं.

"माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा," बाई म्हणाल्या. "आता मुलगा कॉलेजात आहे. एक मात्र सांगते, राग मानू नका हं. गाडी पाठवते म्हणालात, पण गाडी काही आली नाही. आम्ही रात्रीपर्यंत वाट बघितली." मग त्या आठवून म्हणाल्या, "आणि तुमच्या मागे कसला तरी आवाज येत होता. घर्रर्र, खट, असा. मला वाटलं, कुठल्या कारखान्यात बसून बोलतायत की काय या!"

चहा घेऊन दोघं खाली आले. बसमध्ये बसल्यावर यजमानांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"काल बोललीस तू तिच्याशी," ते म्हणाले.

"काल."

"मग परवा ती म्हातारी होती की नव्हती?"

 टेपताईंच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. वर फोनवर बसत तेव्हा भिंतीवर एक लाल दिवा लुकलुकायचा. लोक रांगेत थांबलेत, त्याची ती खूण. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं जाई, त्या दिव्याकडे बघायचं नाही, बघितलं तर हातातल्या फोनवर लक्ष राहत नाही. रांगेत थांबून थांबून ज्यांनी फोन ठेवला, त्यांचं त्या काळी रेकॉर्डिंगच होत नसे. ते कोण होते, त्यांचं काय झालं, याची कुठे नोंदच नव्हती. टेपताईंनी स्वतः कितीतरी मुलींना शिकवलं होतं, दिव्याकडे बघू नका म्हणून.

"केंद्रावर सोडा मला," त्या म्हणाल्या. "लवकर."

खाली जाऊन त्यांनी आधी पहिल्या खोक्याची नवी टेप लावली, इंजिनिअरने उतरवलेली. उजवा कान हेडफोनवर दाबून धरला. टेप सरसर पळाली. मोठे घास, कुठे थांबणं नाही, कुठे मागे येणं नाही. एका फोनला दुसरा फोन चिकटलेला. मधे नखभरही जागा नव्हती.

मग त्यांनी भुगावाल्याला फोन लावला. गावाबाहेर त्याचं आवार होतं.

"ते खोकं? झालं की ताई, त्याच दिवशी झालं," तो म्हणाला. "पार पीठ केलं. का, काही राहिलं होतं का त्यात?"

"नाही. सहज विचारलं."

"मी पण सहज विचारू का?" भुगावाला जरा घुटमळला. "माझा कुत्रा आहे ना, तो मशीनच्या बाजूलाच झोपतो. कितीही खडखडाट होऊ दे, कूस बदलत नाही. तुमचं खोकं टाकलं तेव्हा मात्र ताडकन उठला आणि मशीनसमोर जाऊन बसला. कान ताठ, मान अशी तिरकी. कुणी नावाने हाक मारली की बसतो ना, तसा. मशीन बंद केलं तरी हलेना. काय होतं हो त्यात?"

"जुने फोन," टेपताई म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवला. 

दुपारी त्या मॅडमकडे गेल्या. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. मग दोघी खाली आल्या. मॅडमनी हेडफोन लावला, ड्राइव्ह थांबला, चालला, थांबला, चालला. मॅडमचे दोन्ही कान शाबूत होते.

"मला काही ऐकू येत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "नुसती खरखर."

ड्राइव्हच्या त्याच थांब्याला टेपताईंना शेजारी उभ्या उभ्या, हेडफोनच्या बाहेरून, एका पोरसवदा मुलाचा आवाज ऐकू येत होता. बोटं कापलीत म्हणत होता. त्या वाकून हेडफोनकडे बघत म्हणाल्या, "स्वच्छ फडकं घे बाळ, घट्ट दाबून धर. हात वर कर, डोक्याच्या वर. सोडू नकोस. बघायला म्हणूनसुद्धा सोडू नकोस."

मॅडमनी सावकाश हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. चेहरा उतरला होता.

"इंजिनिअर सोमवारी परत येतोय, मशीन घेऊन. उरलेलं सगळं तो दिवसात संपवेल. मी त्याला कशाला थांबवू? काय कारण सांगू वरच्या साहेबांना?"

"सांगा, टेपताई म्हातारी झालीय, तिला सावकाशच जमतं."

मॅडम जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मला शिकवताना तुम्ही एकदा म्हणाला होतात, समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं तरी आधी पत्ता लिहून घ्यायचा. मी त्याला येऊ नको म्हणून कळवते."

त्यानंतर टेपताई रोज सकाळी खाली उतरत, दार आतून लावून घेत आणि जुना ड्राइव्ह त्याच्या चालीने चालू देत. ड्राइव्ह थांबला की त्या बोलत. थांबा छोटा असे. कधी दोन वाक्यांत काम उरके, कधी वाक्य अर्धवट राही आणि पुढच्या थांब्याला भलतंच माणूस भेटे. भाजलेल्या हातावर गार पाणी ओता. पोराच्या पाठीत दोन खांद्यांच्या मधे तळव्याने मारा, आणखी जोरात. दोरी कापा, आधी पायाखालून उचलून धरा. भराभर बोलायची, नेमकं बोलायची जुनी सवय अंगात होतीच, ती आता धारदार झाली.

एक वाक्य मात्र त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. गाडी पाठवते, हे वाक्य. तिकडे त्यांचा आवाज पोचत होता, गाडी पोचत नव्हती.

यजमान संध्याकाळी न्यायला येत. विचारत काही नसत. फक्त एखाद्या दिवशी टेपताई एखादा पत्ता सांगत आणि ते बस तिकडे वळवत. वर जायचं नाही, खालूनच बघायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. खिडकीत दिवा दिसला की टेपताई म्हणत, "चला." काही घरांत दिवा नसे. तेव्हाही त्या तेच म्हणत.

शेवटच्या खोक्यात तळाला एक म्हातारे गृहस्थ भेटले. आवाज शांत होता, पण एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"छातीत दुखतंय. हात जड झालाय. घरात मी एकटाच."

"पत्ता सांगा, काका. आणि बसा. भिंतीला टेकून जमिनीवरच बसा."

"बसलोय." पत्ता त्यांनी सांगितला. मग विचारलं, "गाडी निघाली का, बाळ?"

 ड्राइव्ह उभा होता. हिरवा दिवा विझलेला होता.

"दाराची कडी काढता येईल का?"

"नाही गं. उठवत नाही. गाडी निघाली का?"

"काका, मी आहे इथे," टेपताई म्हणाल्या. "मी फोन ठेवणार नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास चालला. मग म्हातारा म्हणाला, "बरं." थोड्या वेळाने, "काय गं हा आवाज येतोय तुझ्याकडे?" ड्राइव्ह तर बंद होता, कसलाही आवाज नव्हता. टेपताईंनी थांबलेल्या टेपकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "काही नाही काका, मशीन आहे. बोला तुम्ही माझ्याशी. घरात कोण कोण असतं एरवी?"

तो थांबा इतर कुठल्याही थांब्यापेक्षा लांब होता. काका आपल्या मुलीबद्दल बोलले, ती रागावून गेलीय म्हणाले, खरं तर राग आपणच धरला होता म्हणाले. बोलता बोलता शब्दांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटी फक्त खोलीचा आवाज उरला. कुठेतरी नळ ठिबकत होता. टेपताईंनी हेडफोन काढला नाही. ड्राइव्ह चालू झाला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुली जेवून परत आल्या होत्या.

त्या संध्याकाळी यजमानांनी बस त्या पत्त्यावर नेली. त्या वेळी मात्र टेपताई उतरल्या. घरात दुसरीच माणसं राहत होती. शेजारच्या बाईंना काका आठवत होते.

"हार्ट अटॅक आला होता. गाडी नाही आली वेळेवर," त्या म्हणाल्या. "पण मुलगी म्हणायची, चेहरा कसा शांत होता. रिसीव्हर कानाशी तसाच होता. कुणाशी तरी बोलत होते म्हणे. तिला फार वाटायचं, कोण होतं ते कळायला हवं होतं."

"मुलगी कुठे असते?"

"परदेशी गेली. पत्ता नाही माझ्याकडे."

टेपताईंनी बाईंचे आभार मानले आणि बसमध्ये येऊन मागच्या बाकावर बसल्या, जिथे लहान पोरं बसतात. यजमानांनी आरशातून पाहिलं आणि बस आज जरा लांबच्या रस्त्याने घेतली.

खोकी संपली. भुगावाला ट्रक घेऊन आला तेव्हा कुत्रा त्याच्या शेजारच्या सीटवर होता. टेपताईंनी एकेक खोकं स्वतः चढवलं आणि कुत्र्याकडे बघत राहिल्या. कुत्र्याने जांभई दिली, पुढच्या पायांवर डोकं ठेवलं आणि झोपून गेला. तेव्हा कुठे त्यांनी ट्रकच्या फळीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी त्या मॅडमकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला परत वर घ्या. एक कान चांगला आहे."

मॅडमनी डॉक्टरी तपासणी वगैरे काय ते निस्तरलं आणि टेपताईंना खिडकीजवळची जागा दिली. नाव मात्र तेच राहिलं. नव्या मुलींना वाटतं, बाईंना सगळं पाठ आहे म्हणून त्यांना टेपताई म्हणत असावेत. रांगेचा लाल दिवा अजून आहे, आणि टेपताई अधूनमधून त्याच्याकडे मान वर करून बघतात. मुलींनाही बघू देतात.

खालचं तळघर आता कुलपात असतं. जुन्याच्या जागी आलेला नवा ड्राइव्ह आपोआप मोठ्या ब्लॉकांत लिहितो, कुठे थांबत नाही, जेवणाच्या सुट्टीआधी सगळा बॅकअप उरकतो. साफसफाईची बाई म्हणते, खाली इतकं शांत झालंय की जायला नको वाटतं. टेपताई तिच्याकडून किल्ली घेतात, दिवे मालवून येतात आणि किल्ली परत खिळ्याला अडकवतात.